पांढऱ्या वेलीचें उत्तर

आमच्या शाळेच्या वसतिगृहामागें तारेचें कुंपण आहे. पावसाळा सुरू झाला कीं त्यावर एक वेल चढूं लागते. तिचीं पानें हृदयाच्या आकाराचीं आणि फुलें कर्ण्यासारखीं. इंग्रजींत तिला 'मॉर्निंग ग्लोरी' म्हणतात व वनस्पतिशास्त्रांत 'आयपोमिया पर्प्युरिया'. तिचें माहेर मेक्सिको. बागांच्या हौसेबरोबर ती देशोदेशीं गेली आणि कोणा हौशी हातानें आमच्याही कुंपणापर्यंत आली. सकाळच्या प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वींच तिचीं फुलें उमललेलीं असतात आणि मधल्या सुट्टींत पाहावें तों मिटूं लागलेलीं दिसतात. एका फुलाचें आयुष्य एवढेंच, एक सकाळ. मुलें त्या कुंपणावरून नित्य जातात. मीही तेथून बारा वर्षें जात होतों. परंतु पाहत होतों असें म्हणतां येणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आठवीच्या वर्गांत मी फुलाचे भाग शिकवीत होतों. मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. तो अबोल असल्यामुळें त्याच्या उठण्याचेंच मला नवल वाटलें. "सर, आपल्या कुंपणावर सगळीं फुलें जांभळीं आहेत, पण कोपऱ्यांतल्या एका वेलीचीं पांढरीं आहेत. तीं पांढरीं कां?"

मीं उत्तर दिलें, "त्यांत रंग नाहीं म्हणून पांढरीं."

तो क्षणभर थांबून म्हणाला, "पण सर, मग रंग गेला कोठें?"

वर्ग हंसला. दुःखाची गोष्ट ही कीं, मीही हंसलों. "गेला असेल सुट्टीला," असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें आणि फळ्याकडे वळलों. आपणांस उत्तर येत नाहीं हें झांकण्याकरितां शिक्षक कधीं कधीं विनोदाचा आश्रय घेतो. त्या दिवशीं मीं तेंच केलें.

पुढें वार्षिक समारंभाची तयारी चालूं झाली. कुंपण साफ करतां करतां माळीबाबांनीं विचारलें, "सर, ही एक पांढरी आहे. बाकीच्यांत बरी दिसत नाहीं. ठेवायची का?" मीं फारसें लक्ष न देतां म्हटलें, "काढून टाका." वेल उपटली गेली. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं आला, त्यानें एक आगपेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि कांहीं न बोलतां तो निघून गेला. आगपेटींत चौदा बिया होत्या. वेल उपटण्यापूर्वीं तिच्या वाळलेल्या बोंडांतून त्यानें त्या वेंचून ठेविल्या होत्या.

त्या आगपेटीनें मला जी टोंचणी लाविली तिच्यामुळें मी पुस्तकें धुंडाळूं लागलों. त्या शोधांत जें हातीं आलें तें वाचकांपुढें मांडावें व त्याबरोबर माझी एक चूकही कबूल करावी, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

फुलाचा रंग बाहेरून कोणी लावीत नाहीं. तो पाकळीच्या पेशींत तयार होतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ज्यानें रंगते, त्याच वर्गांतलें हें रंगद्रव्य आहे. त्यास 'अँथोसायनिन' म्हणतात. तें तयार होण्यास अनेक पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर एकेक विकर काम करतो. विकर म्हणजे काय हें कळण्यास भाकरीचा घास तोंडांत बराच वेळ चावून पाहावा. तो हळूहळू गोड लागूं लागतो, कारण लाळेंतील विकर पिठाची साखर करीत असतो. पाकळींतील विकरांची रांग एखाद्या कारखान्यांतील कारागिरांसारखी कल्पावी. पहिल्यानें कच्चा माल जोडून दुसऱ्याच्या हातीं द्यावा, दुसऱ्यानें त्यास वळण देऊन तिसऱ्याकडे सरकवावें, आणि शेवटच्याच्या हातून रंग बाहेर पडावा. या रांगेंतील पहिला कारागीर म्हणजे 'चाल्कोन सिंथेज' नांवाचा विकर. तो एका द्रव्याचा एक रेणू आणि दुसऱ्याचे तीन रेणू घेऊन 'चाल्कोन' जुळवितो. हा पहिलाच कारागीर गैरहजर राहिला तर पुढचे सर्व हात बांधून बसतात, आणि फूल पांढरें उमलतें.

प्रत्येक कारागीर घडविण्याची कृती वेलीच्या जनुकांत लिहिलेली असते व ती आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रतींत येते. एक प्रत बिघडली तरी दुसरीवर काम भागतें आणि फूल जांभळेंच राहतें. दोन्ही बिघडल्या तरच तें पांढरें होतें. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनें १८६६ सालीं वाटाण्यांच्या प्रयोगांवरून जो नियम प्रसिद्ध केला तोच हा. आपल्या मठाच्या बागेंत त्यानेंही जांभळीं आणि पांढरीं फुलें मोजलीं होतीं.

या वेलीच्या रानटी वस्तींत एकच पांढरा रंग नाहीं, हें वाचून मला अधिक आश्चर्य वाटलें. अमेरिकेच्या आग्नेय भागांत, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना या प्रांतांत, ती शेतांच्या बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेस तण म्हणून वाढते. तेथें एकाच शेतांत गर्द निळींजांभळीं, फिकट, गुलाबी आणि पांढरीं फुलें शेजारीं शेजारीं दिसतात. मायकेल क्लेग आणि ड्यूक विद्यापीठांतील मार्क रॉशर या शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनेक वर्षें या वेलींचा अभ्यास केला. त्यांतून असें दिसून आलें कीं, प्रत्येक रंगामागें त्या कारखान्यांतील एक निराळी गोष्ट आहे. रांगेच्या मध्यभागीं एक कारागीर रंगाच्या रेणूस एक जास्तीचा जोड देतो. तो नसला तर रांग थांबत नाहीं. माल पुढें जातो, पण बाहेर येणारा रंग निळाजांभळा न होतां गुलाबी होतो. गुलाबी फुलांचें हें कारण २००३ सालीं प्रसिद्ध झालें. पांढऱ्या फुलांचे तर दोन प्रकार आहेत. एकांत पहिला कारागीरच नाहीं. दुसऱ्यांत कारागीर घडविण्याच्या कृती शाबूत आहेत, पण त्यांस पाकळींत कामावर बोलावणारा मुकादम हरवला आहे. या मुकादमाचें जनुक २००५ सालीं ओळखलें गेलें. दुसऱ्या प्रकारचीं फुलें निरखून पाहिलीं असतां पांढऱ्या कर्ण्यावर रंगीत रेषांचा एक तारा राहिलेला दिसतो.

कांहीं वेलींचीं फुलें पांढरीं असून त्यांवर जांभळे ठिपके व पट्टे असतात. याचें कारण जपानी संशोधकांनीं १९९८ सालीं दाखवून दिलें. पहिल्या कारागिराच्या कृतींत एक परका तुकडा घुसून बसलेला असतो. हा तुकडा एके जागीं स्थिर राहत नाहीं. फूल वाढत असतां एखाद्या पेशींतून तो उडून जातो, तेथें कृती पुन्हा वाचतां येऊं लागते, आणि त्या पेशीपासून झालेला पाकळीचा भाग जांभळा होतो. अशा फिरत्या जनुकांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषीनें मक्याच्या दाण्यांवरील ठिपके पाहून लाविला होता, आणि त्याकरितां तिला १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कणसावरचे डाग पाहून "रंग गेला कोठें आणि परत आला कोठून" असें तिनेंही विचारलें असेलच. तिला हंसून खालीं बसविणारे लोक भेटले नसतील असें मला वाटत नाहीं.

येथवर 'कसें' या प्रश्नाचें उत्तर झालें. 'कां' हा प्रश्न याहून अवघड आहे. पांढरी वेल जर केवळ बिघाड असेल, तर रानांत ती टिकते कां? आणि तींत कांहीं फायदा असेल, तर सारें रान पांढरें कां होत नाहीं?

याच्या उत्तराकरितां शास्त्रज्ञ शेतांत जाऊन भुंग्यांच्या मागें फिरले. केसाळ भुंगे या फुलांवर मध व पराग गोळा करण्यास येतात. त्यांस बहुसंख्य असलेल्या रंगाची संवय झालेली असते. पांढऱ्या वेली थोड्या असल्या म्हणजे ते त्यांच्याकडे त्यांच्या वांट्याहून कमी वेळां जातात. दोन्ही रंग सारखे असले तर हा पक्षपात दिसत नाहीं. पाहुणा न आल्यामुळें पांढरें फूल वांझ राहतें असें मात्र नाहीं. या फुलाची रचनाच अशी आहे कीं, त्याचे पुंकेसर स्वतःच्याच कुक्षीस पराग लावूं शकतात. म्हणून पांढरें फूल अधिक प्रमाणांत स्वतःच्या परागानें बीज धरतें. यांत एक चमत्कारिक नफा आहे. ज्या बीजाची आई आणि बाप ती एकच वेल, त्यांत तिचे दोन्ही वांटे जातात. शिवाय तिचा पराग इतरांच्या फुलांवर गेला तर तो वांटा निराळाच. स्वतःकडे पराग ठेवल्यामुळें बाहेर जाणारा पराग घटत असेल, अशी शंका येते. परंतु मुकादम हरवलेल्या पांढऱ्या वेलींवर प्रयोग करून पाहतां अशी घट आढळली नाहीं, हें १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे भुंग्यांनीं केलेली उपेक्षाच या पांढऱ्या वेलीच्या पथ्यावर पडते.

परंतु स्वपरागाचीही किंमत द्यावी लागते. चार्ल्स डार्विन यानें याच वेलीवर दहा पिढ्या प्रयोग केला व तो १८७६ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर नोंदला. परपरागानें झालेल्या वेलींची उंची १०० धरली तर स्वपरागानें झालेल्यांची सरासरी ७७ भरली. सहाव्या पिढींत मात्र स्वपरागाचीच एक वेल आपल्या प्रतिस्पर्ध्याहून अर्धा इंच वर चढली, आणि डार्विननें तिचें नांव 'हीरो' ठेविलें. रंगाचीही एक नोंद त्यानें केली आहे. आरंभीं त्याच्या वेलींच्या फुलांत अनेक छटा होत्या. स्वपरागाच्या पिढ्या जसजशा वाढत गेल्या तसतशीं त्यांचीं फुलें एकाच छटेचीं होत गेलीं.

ज्या पांढऱ्या वेलींत पहिला कारागीरच नाहीं, त्यांची हकीकत याहून निराळी आहे. चाल्कोनपासून केवळ रंगच तयार होतो असें नाहीं. त्याच रांगेंतून डोळ्यांस न दिसणारीं इतर अनेक द्रव्यें फुटतात, आणि वेलीच्या दैनंदिन जीवनांत त्यांचें काम असतें. पहिला कारागीर गेला कीं रंगाबरोबर हीं द्रव्येंही जातात. ही उणीव कोठें भासते हें पाहण्याकरितां रॉशर व त्यांच्या सहकारी संशोधिकेनें जांभळ्या आणि पांढऱ्या वेली कांहीं थंड व कांहीं उष्ण हवेंत वाढविल्या. थंड हवेंत दोहोंत फरक दिसला नाहीं. उष्ण हवेंत मात्र पांढऱ्या वेलींस फुलें कमी आलीं आणि फलधारणेंतही त्या मागें पडल्या. हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत उघड्या शेतांतही अशा पांढऱ्या वेली फुलावर येण्यापूर्वींच अधिक प्रमाणांत मरतात असें दिसून आलें. ज्यास आपण फुलाची शोभा म्हणतों तें वेलीच्या उष्णता सोसण्याच्या शक्तीशीं असें एका धाग्यानें बांधलेलें आहे.

हें वाचून झाल्यावर "त्यांत रंग नाहीं म्हणून पांढरीं" हें माझें उत्तर मला किती पोकळ वाटलें हें काय सांगावें! दोन वेली सारख्याच शुभ्र दिसतात. परंतु एकीचा कारागीर गेलेला, दुसरीचा मुकादम. एकीस भुंग्याची उपेक्षा फळते, तर दुसरीस उन्हाळा भोंवतो. डोळ्यांस दिसणारा पांढरेपणा एकच असला तरी त्यामागची कथा एक नव्हे.

पुढल्या पावसाळ्यांत मीं त्या मुलास बोलावून घेतलें. आगपेटी माझ्या खणांत जपून ठेविली होती. आम्हीं दोघांनीं बिया पेरण्याचें ठरविलें. या बियांचें कवच कठीण असतें, म्हणून त्यानें प्रत्येक बी कानशीवर हलकेच घांसली आणि रात्रभर पाण्यांत भिजविली. चौदांपैकीं बारा उगवल्या. आम्हीं प्रत्येक रोपास स्वतंत्र काठी दिली आणि काठीस क्रमांक बांधला. फुलें येऊं लागल्यावर तो रोज प्रार्थनेपूर्वीं वहींत नोंद करी. अखेर नऊ वेली पांढऱ्या निघाल्या आणि तीन गर्द जांभळ्या.

"आई पांढरी असून तीन मुली जांभळ्या कशा, सर?" त्यानें विचारलें. या वेळीं मीं उत्तर दिलें नाहीं. वर्गास विचार करण्यास सांगितलें. दोन दिवसांनीं तोच म्हणाला, "मधमाशीनें शेजारच्या वेलीचा पराग आणला असेल. मग या तिघींचा बाप जांभळा." त्याचा तर्क अचूक होता. त्या तीन बियांत आईची बिघडलेली प्रत आणि बापाची चांगली प्रत एकत्र आल्या होत्या; उरलेल्या नऊ बहुधा आईच्या स्वतःच्याच परागाच्या. रानांतील वेलींत स्वपराग किती व परपराग किती हें ठरविण्यास शास्त्रज्ञांनींही पांढऱ्या आईच्या संततींतील रंगीत रोपें अशींच मोजलीं होतीं. आणखीही एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. त्या पांढऱ्या फुलांवर रंगीत रेषांचा तारा नव्हता, आणि जांभळ्या मुली फिकट नसून पुऱ्या गर्द होत्या. मुकादम हरवलेल्या आईच्या अशा मुली फिकट निघतात. त्यावरून आमची वेल कारागीर हरवलेल्या जातीची असावी, असें आम्हीं ठरविलें.

मग मीं फळ्यावर एक हिशेब मांडला. एखाद्या कुंपणावर शंभर वेलींत एकच पांढरी असेल आणि पराग सर्वत्र सरमिसळ होत असेल, तर बिघडलेली प्रत दर दहा प्रतींत एक असली पाहिजे. त्या हिशेबानें शंभरांपैकीं अठरा वेली बाहेरून जांभळ्या असूनही आंत पांढऱ्याची एक प्रत बाळगून असतात. वर्ग थक्क झाला. कोपऱ्यांतील एक वेल उपटून आम्हीं कुंपण एकरंगी केलें असें समजत होतों. वास्तविक तो पांढरेपणा आमच्या डोळ्यांदेखत जांभळ्या फुलांत लपून राहिला होता.

त्याच तासाला, वर्ग सुटण्यापूर्वीं, मीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, गेल्या वर्षीं या मुलानें विचारलेला प्रश्न योग्य होता, माझें उत्तर चुकीचें होतें, आणि मीं हंसावयास नको होतें. असें बोलण्याची मला संवय नव्हती. घसा कोरडा पडला. मुलगा खालीं मान घालून बसला होता. तास संपल्यावर तो हळूच जवळ आला आणि एवढेंच म्हणाला, "सर, ती वेल काढावयास नको होती." माझ्या दिलगिरीहून त्याला ती वेल अधिक मोलाची वाटत होती, आणि तेंच बरोबर होतें.

आपल्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत डोंगरावरील प्रवचन आपण अनेकदां ऐकतों. रानांतल्या फुलांकडे लक्ष देऊन पाहा, असें प्रभूनें शिष्यांस तेथें सांगितलें आहे. लहानपणापासून त्याचा अर्थ मी 'चिंता करूं नका' एवढाच घेत आलों. आणि तो खराही आहे. परंतु त्या आज्ञेचा पहिला भाग 'पाहा' हा आहे, हें मला एका विद्यार्थ्यानें शिकविलें. पाहणें म्हणजे केवळ दृष्टी टाकणें नव्हे. थांबणें, मोजणें, बी जपून ठेवणें आणि एक वर्ष वाट पाहणें, हें सर्व त्यांत येतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणास एखादा प्रश्न सुचला आणि वर्ग हंसला, तर तो प्रश्न टाकून देऊं नका. आगपेटींत घालून ठेवा. आणि माझ्या शिक्षकबंधूंस मी विनवितों कीं, उत्तर येत नसेल तेव्हां "मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं" असें म्हणावें. यानें आपला मान कमी होत नाहीं, हें मीं उशिरां कां होईना अनुभवलें आहे.

यंदा त्या कुंपणावर पुन्हा एक पांढरी वेल आली आहे. ती आमच्या पेरलेल्या बियांपासून आलेली नाहीं. तीं रोपें आम्हीं बागेच्या दुसऱ्या टोकास लाविलीं होतीं. ही जांभळ्यांच्याच पोटीं, हिशेबाप्रमाणें, आपण होऊन उगवली. माळीबाबांनीं यंदाही विचारलें, "सर, ठेवायची का?" मीं म्हटलें, "असूं द्या, बाबा." तो मुलगा आतां दहावींत आहे. काल सकाळीं प्रार्थनेच्या घंटेपूर्वीं तो त्या वेलीजवळ वही घेऊन उभा होता, आणि त्याच्या शेजारीं पांचवींतले दोन मुलगे फुलें मोजीत होते.